परतीच्या पावसात आईला घेऊन कळसूबाई, जावं की नको?

डोंबिवलीची_लेक:

नमस्कार मंडळी, इथे बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या भावाच्या आजारपणात आईने कळसूबाईला नवस बोलला होता. तो आता ठणठणीत आहे आणि आईचा दोन वर्षं एकच धोशा चालू आहे की नवरात्रात वर जाऊन देवीची ओटी भरायचीच. आईचं वय ६१, बीपीची एक गोळी चालू आहे, गुडघे तसे बरे आहेत, रोज सकाळी पाऊण तास चालते आणि आमची लिफ्ट बंद असली की चार मजले न थांबता चढते. जानेवारीत तिला मुद्दाम सप्तशृंगीच्या पायऱ्यांवरून नेऊन आणलं, दम लागला पण दोन्ही बाजू नीट झाल्या.

माझी भीती चढाची नाहीये, हवामानाची आहे. भाऊ म्हणतो की लोक भर जुलैत धो धो पावसात कळसूबाई करतात, आता ऑक्टोबर, पाऊस संपत आलाय, तू उगाच घाबरतेस. पण इथे डोंबिवलीत गेले चार दिवस दुपारपर्यंत लख्ख ऊन आणि संध्याकाळी पाच वाजता असा काही गडगडाट की खिडक्या हलतात. फोनमधलं अ‍ॅप शनिवारी ४० टक्के पाऊस दाखवतंय, काल ६० होता, परवा २०, आता यावरून काय ठरवायचं? आणि वरती त्या लोखंडी शिड्या आहेत, त्यांचं काय? आम्ही चौघं, मी, भाऊ, आई आणि मावशी (५५). पायथ्याच्या बारी गावातूनच चढणार. शनिवारी पहाटेची कसारा लोकल पकडून, तिथून जीपने बारी, साधारण साडेनऊला चढायला सुरुवात असा भावाचा प्लॅन आहे. कोणी अनुभवी माणसाने मोकळेपणाने सांगा, नको असेल तर नको सांगा, मी आईला समजावीन.

---

सह्यभटक्या:

ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि भावाचं गणित उलटं आहे, हे आधी सांगतो कारण ही चूक मी खूप जणांची बघितलीय आणि एकदा स्वतः केलीय.

जुलै-ऑगस्टचा पाऊस जोरदार असतो पण तो आपल्याला माहितीतला असतो. समुद्रावरून सलग वारं येतं, ढग डोंगराला टेकून बसलेले, दिवसभर रिपरिप किंवा धो धो, घसरडं, धुकं, पाण्याचा लोंढा, हे धोके आहेतच, पण विजा त्या मानाने खूप कमी. मे-जूनचा वळीव आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा परतीचा पाऊस यांचं काम वेगळं. सकाळी निळं आभाळ, दहा-अकराला ऊन चटके देतं, दुपारी दोनच्या पुढे ढग उभा फुगत जातो आणि अर्ध्या तासात खेळ होतो. विजा त्यातच असतात.

माझी गोष्ट सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली, असाच ऑक्टोबर, आम्ही पाच जण, पुण्याहून निघायला उशीर झाला म्हणून बारीतून अकराला चढायला लागलो. सगळा वेळ समोर शिखर स्वच्छ दिसत होतं म्हणून आम्ही निवांत. आता बारीची वाट कशी आहे, गाव डोंगराच्या पूर्वेला, चढताना तुमचं तोंड पश्चिमेला, आणि या दिवसात ढग बहुतेक वेळा येतात पूर्वेकडून, म्हणजे राजूर आणि अकोले या गावांच्या अंगाने. म्हणजे तो येतो तुमच्या पाठीमागून! आम्ही मागे वळून बघितलंच नाही. शेवटच्या शिडीच्या मध्यावर असताना एकदम गार वारा सुटला, माझ्या मित्राच्या हातावरचे केस उभे राहिले आणि कठड्याला धरलेल्या हाताला मुंग्या आल्या. तो ओरडला, उतरा. कसे उतरलो ते नीट आठवत नाही, शिडीपासून शे-दीडशे पावलं खाली गेलो असू आणि वरच्या टोकावर वीज पडली, आवाज आणि उजेड एकाच वेळी. तासभर दगडांच्या सपाटीवर एकमेकांपासून लांब लांब उकिडवे बसून होतो आणि दात वाजत होते. त्यानंतर मी ऑक्टोबरात साडेनऊला चढायला सुरुवात करणाऱ्या कोणाबरोबरही गेलेलो नाही.

म्हणून माझं उत्तर, जा, पण हा प्लॅन बदला. शुक्रवारीच बारीत मुक्कामाला या, गावात घरगुती राहायची जेवायची सोय होते. पहाटे साडेपाचला टॉर्च लावून निघा. आईबरोबर वर जायला चार तास धरा, जवळजवळ ९०० मीटरचा चढ आहे, कमी नाही. आणि परत फिरायची वेळ घरीच ठरवा, वर जाऊन नाही. साडेदहा म्हणजे साडेदहा, मग शिखर दहा मिनिटांवर असो नाहीतर तासावर.

---

ढगांचा_नाद:

४० टक्क्यांबद्दल लिहितो कारण यावर फार गोंधळ असतो. ४० टक्के म्हणजे ४० टक्के वेळ पाऊस नाही, किंवा हलका पाऊस असंही नाही. त्या भागात त्या वेळात पाऊस होण्याची शक्यता तेवढी, बास. किती पडेल, किती वाजता, विजा असतील का, हे त्या आकड्यात नाहीच. परतीच्या पावसात तर एका गावात झोडपतो आणि पाच किलोमीटरवर धूळ उडते, त्यामुळे आकडा रोज उड्या मारणारच, त्याच्यावर चार दिवस आधी काही ठरवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही अ‍ॅपमध्ये नाव कुठलं टाकलंय? बारी अकोले तालुक्यात, जिल्हा अहिल्यानगर, त्यामुळे लोक जिल्ह्याचा इशारा बघतात आणि हिरवा दिसला की निघतात. पण हा जिल्हा बहुतांश पर्जन्यछायेत, नगर शहरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भंडारदऱ्याजवळ घाटघरला पाच हजाराच्या आसपास. एकच जिल्हा, दोन वेगळी हवामानं. कळसूबाईसाठी इगतपुरी-घोटीचा अंदाज बघा आणि हवामान खात्याचा नाशिक घाटमाथ्याचा इशारा बघा, तो तिथल्या डोंगराला खूप जवळचा आहे.

निघायच्या दिवशी सकाळी दोन गोष्टी करा. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. आणि दामिनी अ‍ॅप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं आहे, तुमच्या आजूबाजूला गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली ते नकाशावर दिसतं. पण डोंगरावर रेंज येते जाते, म्हणून ते बारीत बघून घ्या आणि वर कानावर भरवसा ठेवा. वीज चमकली की सेकंद मोजायचे, आवाजापर्यंत जितके सेकंद त्याला तीनने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, डोक्यावर ऊन असलं तरी. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी थांबायचं, पाऊस थांबला म्हणून लगेच शिडीकडे पळायचं नाही. सह्यभटक्या म्हणाले तो अचानक सुटणारा गार वारा, तो ढगातून खाली आदळून पसरलेला वारा असतो, तो लागला म्हणजे हातात फार तर दहा-पंधरा मिनिटं आहेत असं धरून चाला.

---

वीकेंड_ट्रेकर:

मला वाटतं जरा जास्तच घाबरवताय त्यांना. मी ऑक्टोबरात सहा-सात वेळा कळसूबाई केलंय, दुपारी पण उतरलोय, कधीच काही झालं नाही. नवरात्रात गावातल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या नऊवारीत अनवाणी वर जातात. वाट मळलेली आहे, माणसं असतात, चुकायला होत नाही. आईची इच्छा आहे तर घेऊन जा ताई, फार विचार केला तर कधीच जाणं होणार नाही.

---

राजूरकर:

मी जवळचाच आहे म्हणून सांगतो. त्या म्हाताऱ्या वर जातात हे खरंय, पण त्या किती वाजता जातात ते बघा ना भाऊ. उजाडायच्या आत निघतात आणि शहरातले लोक चढायला लागतात तेव्हा त्या खाली येऊन भाकरी टाकायला बसलेल्या असतात. माझी आजी नवरात्रात दरवर्षी जायची, दुपारी डोंगरावर थांबलेली मला आठवत नाही.

आमच्याकडे या दिवसात भात पिकायला आलेला असतो, खुरासणी (कारळे) पिवळी झालेली असते, गवत कापायचं काम चालू असतं, सगळा दिवस रानातच. आम्ही बघतो काय, सकाळपासून उकडतंय, वारं एकदम पडलंय, आणि राजूरच्या अंगाला ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर फुगत चाललाय, मग विळा तिथंच ठेवून घरचा रस्ता धरायचा. त्याचं बूड काळं झालं की पळायचं. झाडाखाली थांबायचं नाही, हे लहानपणापासून शिकवलेलं, कारण आमच्या भागात झाडाखाली थांबलेली जनावरं आणि माणसं दोन्ही गेलीत.

अजून एक, वाटेत टपऱ्या लागतात, सरबत, काकडी, मॅगी मिळते. पाऊस आला की सगळे त्यात घुसतात. पावसापासून ठीक आहे, पण प्लास्टिकचा कागद आणि बांबू, विजेपासून त्याचा काही उपयोग नाही. पक्कं घर नाहीतर टपाची बंद गाडी, बाकी काही नाही.

नवरात्रात शिड्यांना रांग लागते हे पण धरा. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच शिडीवर, एरवी पाच मिनिटांचं काम असतं तिथे पाऊण तास उभं राहावं लागतं. शनिवार-रविवार सोडून आलात तर फार बरं, मंगळवार पण नको, देवीचा वार म्हणून गर्दी असते. आणि खाली वाटेवर पण देवीचं मंदिर आहे, ज्यांना वर जमत नाही ते तिथे ओटी भरतात, आमच्यात ते कोणी कमी मानत नाही.

---

सह्यभटक्या:

वीकेंड_ट्रेकर, सहा-सात वेळा काही झालं नाही याचा मला आनंद आहे, खरंच. मी पण त्या दिवसाआधी दहा-बारा वेळा काही न होता उतरलो होतो, म्हणून तर अकराला चढायला लागलो. तरण्या माणसाने एकट्याने पळत खाली येणं आणि ६१ वर्षांच्या आईला शिडीवरून एकेक पायरी उतरवणं यात फरक आहे. तिला घाईत उतरवायची वेळच येऊ नये एवढंच माझं म्हणणं.

शिड्यांबद्दल ताईंनी विचारलं होतं ते राहिलं. लोखंड वीज ओढून घेतं असा समज आहे, तसं नाही, वीज उंच आणि सुट्या जागेवर पडते, शिखर, सोंड, एकटं झाड. पण तिथे जवळ पडली तर लोखंडी शिडी, साखळी, कठडा यातून ती लांबपर्यंत वाहते. म्हणून गडगडाट ऐकू आला की शिडीवर पाय ठेवायचा नाही आणि अर्ध्यात असाल तर जी बाजू खाली नेते ती धरायची. अडकलातच तर शिखर आणि कडा सोडून जरा खोलगट पण पाणी वाहत नसलेली जागा बघा, एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं लांब, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. छत्री मिटा. उथळ कपारीच्या तोंडाशी बसू नका, तिथून वीज उडी मारते. पण हे सगळं शेवटचं, यात कोणी सुरक्षित होत नाही, फक्त धोका थोडा कमी होतो. आणि कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही, श्वास आणि नाडी बघा, नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, बरेच जण यानेच वाचतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबर आणि १०८ दोन्ही चौघांच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजेत, एकाच्या नाही.

---

नर्सताई_नाशिक:

आईबद्दल थोडं. बीपीची गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना दाखवून विचारा, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि मग चढताना घाम आणि ते मिळून पाणी कमी पडून चक्कर येते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. पाणी दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागायची वाट बघायची नाही, सोबत मीठ-साखर-लिंबू.

आणि भिजण्याला हलकं घेऊ नका. वरती गावापेक्षा पाच-सहा अंश तापमान कमी असतंच, त्यात ओली सुती साडी नाहीतर ओला ड्रेस आणि वारा, म्हातारं माणूस अर्ध्या तासात गारठतं. सह्याद्रीत थंडीने काय होणार असं लोक म्हणतात, पण हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकून पावसात गारठून ट्रेकर गेल्याची घटना घडलीय, आणि तो काही फार लांब नाही, तोच तालुका. बोलताना जीभ जड झाली, गप्प गप्प झाली, पाय अडखळायला लागले, तर दमली असेल म्हणून सोडू नका, ओले कपडे काढा, कोरडं घाला, गोड खायला द्या आणि खाली आणा. प्रत्येकीचा एक कोरडा जोड आणि टोपी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. आईला साडीच नेसायची असेल तर वर मंदिराजवळ नेसू दे, चढताना पंजाबी ड्रेस आणि खाचांचे तळवे असलेले बूट.

---

डोंबिवलीची_लेक:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. भावाला सगळा धागा वाचायला दिला, आधी चिडला, मग स्वतःच बारीत फोन करून शुक्रवारची राहायची सोय करून आला. आठवड्यातली सुट्टी चौघांची जुळत नाहीये म्हणून शनिवारच. परत आल्यावर लिहिते.

---

डोंबिवलीची_लेक:

आलो परत, सगळे नीट आहोत. जसं झालं तसं लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळी बारीत पोचलो तेव्हा पाऊस पडून गेलेला, वातावरण एकदम धुतलेलं. रात्रभर मला झोप नाही. पहाटे पाच चाळीसला निघालो, आभाळात चांदण्या होत्या, आई पुढे आणि मी मागे. खालच्या मंदिरात नमस्कार केला. पहिल्या शिडीपर्यंत मस्त, उजाडताना मागे भाताची खाचरं दिसायला लागली आणि आई लहान मुलीसारखी खूश. दगड रात्रीच्या पावसाने ओले होते म्हणून वेग कमी ठेवला. राजूरकर दादा म्हणाले तसंच झालं, दुसऱ्या शिडीला रांग. पन्नास मिनिटं उभे होतो. मी दर दहा मिनिटांनी मागे वळून बघत होते, लोकांना वाटत असेल हिला काय झालंय.

सव्वादहाला विहिरीजवळ पोचलो. समोर शेवटची शिडी, वर भगवा झेंडा दिसत होता, रांगेत साठ-सत्तर माणसं तरी असतील. आणि राजूरच्या बाजूला ढग. काळा नव्हता, पांढराशुभ्र, पण अगदी फ्लॉवरचा गड्डा. भाऊ म्हणाला अजून लांब आहे. मी घड्याळ दाखवलं. तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग स्वतःच आईला म्हणाला, आई, परत फिरू.

आईला राग आला. खूप. एवढ्या जवळ येऊन, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी बोललेय मी, असं त्यालाच म्हणाली आणि बसून राहिली. मावशीने समजूत काढली. शेवटी तिने तिथूनच हात जोडले, डोळे पुसले आणि ओटीची पिशवी माझ्याकडे न देता स्वतःच्याच खांद्याला लावून उतरायला लागली. उतरताना शिडीवर तिला खरंच वेळ लागला, एकेक पायरी, तोंड शिडीकडे करून, भाऊ खाली आणि मी वर. घाईत हे केलं असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

बारा पन्नासला पहिला गडगडाट ऐकला, तेव्हा आम्ही खालच्या मंदिराच्या थोडं वर होतो. चमकलेलं दिसल्यावर मोजलं, २४ सेकंद, म्हणजे आठ किलोमीटर. मंदिरात आईने ओटी भरली, नारळ ठेवला, पाच मिनिटांत आटोपलं आणि गावात घरात येऊन बसलो. दीडच्या सुमारास जो काही सुटला, अंगणातलं काही दिसेना. वर माणसं होती हे सगळ्यांना माहीत होतं, त्या घरच्या मालकीणबाई सारख्या दारात येऊन डोंगराकडे बघत होत्या. चार-साडेचारपर्यंत सगळे उतरले, चिंब भिजलेले, एका मुलाचा पाय मुरगळला होता, त्याला दोघांनी धरून आणलं. बाकी कोणाला काही झालं नाही, देवीची कृपा.

आई माझ्याशी रात्री जेवताना बोलली. ती म्हणतेय नवस निम्माच फिटलाय, वर जायचंच. मला पण तिला न्यायचंय. डिसेंबरात नेली तर चालेल ना, नवरात्र नसलं तरी? आणि पहाटे थंडी किती असते?

---

राजूरकर:

ताई, देवी बारा महिने तिथंच असते, आईंना सांगा. डिसेंबरात आभाळ मोकळं असतं, विजेचं भय नाही, वरून भंडारदऱ्याचं पाणी, अलंग-मदन-कुलंग, रतनगड सगळं दिसतं. रांगही नाही, फक्त रविवारी आणि ३१ तारखेच्या आसपास येऊ नका. पहाटे थंडी चांगलीच असते, शिड्यांचं लोखंड हाताला झोंबतं, आईंना लोकरीचे हातमोजे आणा, पण शिडीवर लोकर घसरते म्हणून तिथे काढायला लावा.

तोपर्यंत नागली (नाचणी) घरात आलेली असते. आईंना नागलीची भाकरी चालते का तेवढं आधी कळवा.